जुन्या गॉगलला पोलराइज्ड काचा: नाशिक–सिन्नर रस्त्यावरच्या वापरानंतर

फ्रेम चांगली असेल आणि फक्त काचांवर चरे पडले असतील, तर नवा गॉगल घेण्यापेक्षा त्याच फ्रेमला पोलराइज्ड, म्हणजे चकाकी गाळणाऱ्या, काचा बसवून घेणे अधिक फायद्याचे ठरते, असे माझे मत गेल्या होळीपासूनच्या वापरानंतर पक्के झाले आहे. मात्र काचा निवडताना ज्या गोष्टींचा सर्वांत जास्त गाजावाजा होतो, म्हणजे काळेपणा आणि आरशासारखी चमक, त्यांना रस्त्यावर फारसे महत्त्व उरत नाही. काच कशाची बनलेली आहे, तिचा बाक फ्रेमशी जुळतो का आणि तिच्यातील ध्रुवीकरणाचा अक्ष (चकाकी गाळणाऱ्या थराची दिशा) सरळ बसला आहे का, या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते, आणि नेमक्या याच गोष्टी विक्रेता आपणहून सांगत नाही.

माझा वापर मुख्यतः गाडी चालवताना होतो. मी गंगापूर रोडला राहतो आणि नोकरी सिन्नरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आहे. सिन्नर नाशिकच्या आग्नेयेला असल्यामुळे हिवाळ्यात सकाळी जाताना सूर्य जवळजवळ नाकासमोर असतो आणि उन्हाळ्यात संध्याकाळी परतताना मावळता सूर्य पुन्हा समोरच येतो. थोडक्यात, गॉगलची परीक्षा घ्यायला याहून सोयीचा रस्ता मिळणे कठीण आहे.

रस्ता, पाणी किंवा बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागावरून तिरप्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश मोठ्या प्रमाणात आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः आडव्या दिशेत असतात, आणि पोलराइज्ड काचेतील पातळ थर नेमका तोच प्रकाश अडवतो. त्यामुळे पुणे रस्त्यावर दुपारी डांबरावर जी पांढरी झळाळी दिसते ती खरोखर नाहीशी होते, आणि डॅशबोर्डचे समोरच्या काचेत पडणारे प्रतिबिंबही इतके फिके होते की ते होते याचाच विसर पडतो. गंगापूर धरणाच्या काठावर उभे राहून जरा पुढच्या पाण्याकडे पाहिले, तर पृष्ठभागाच्या चकाकीखाली तळाचे दगड दिसू लागतात. परंतु धातूवरून येणारी तिरीप अशी ध्रुवित होत नाही, म्हणून पुढे चाललेल्या स्टीलच्या टँकरची चमक पोलराइज्ड काचेतूनही थेट डोळ्यांत घुसते. बसच्या उभ्या खिडकीवरून बाजूने येणारा प्रकाश तर उभ्या दिशेने ध्रुवित झालेला असल्याने काच तो आत येऊ देते. थेट सूर्यप्रकाशही ध्रुवित नसतो. क्षितिजाजवळच्या सूर्यासमोर काचेचा गडदपणा आणि गाडीचे सनव्हायझर एवढाच आधार उरतो. या मर्यादा ठाऊक नसलेला ग्राहक हमखास निराश होतो.

अमेरिकन संशोधक एडविन लँड यांनी पातळ पापुद्र्याच्या स्वरूपातील ध्रुवकासाठी (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या थरासाठी) १९२९ साली पेटंटचा अर्ज केला. आज वापरला जाणारा थर हा ताणून आयोडीन किंवा रंगद्रव्य मुरवलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पापुद्रा असतो. तो स्वतः नाजूक असल्यामुळे त्याला दुसऱ्या प्लास्टिकमध्ये बंदिस्त करावे लागते, आणि काचेच्या किमतीतला मोठा फरक इथेच पडतो. स्वस्त काचांमध्ये तो ट्रायअसेटेट सेल्युलोजच्या थरांमध्ये चिकटवलेला असतो. याला बाजारात टीएसी म्हणतात. त्यापेक्षा वरच्या दर्जाच्या काचा सीआर-३९ (चष्म्यांसाठी वापरले जाणारे कठीण प्लास्टिक) किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतात.

मी दोन्ही प्रकार वापरून पाहिले. एका जुन्या फ्रेमसाठी ऑनलाइन मागवलेल्या टीएसी काचा आणि दुसरीसाठी कॉलेज रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात कापून घेतलेल्या सीआर-३९ काचा, अशा दोन जोड्या आलटून पालटून वापरात होत्या. पहिल्या काही आठवड्यांत दोन्हींमध्ये फरक सांगणे कठीण होते. किंबहुना टीएसी काचा हलक्या असल्याने नाकावर अधिक सुखद वाटत होत्या. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास गेला, गाडी कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी राहू लागली आणि तिथून चित्र पालटले. टीएसी काचेच्या कडेला, फ्रेमच्या खाचेजवळ, इंद्रधनुषी रंगाची बारीक पट्टी दिसू लागली. पावसाळा संपेपर्यंत थर सुटून एका कोपऱ्यात बुडबुडा धरला. सीआर-३९ ची जोडी त्याच गाडीत, त्याच उन्हात राहूनही आजतागायत जशीच्या तशी आहे. ज्याला वर्षातून एखाद्या सहलीपुरता गॉगल हवा त्याने टीएसी काचा जरूर घ्याव्यात, पण रोजच्या प्रवासासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. दुचाकीवरून जाणाऱ्याने मात्र सीआर-३९ ऐवजी पॉलिकार्बोनेट घ्यावे, कारण खडा उडून आदळल्यास ते सहजी फुटत नाही. त्यावर चरे लवकर पडतात हे खरे, पण डोळ्यापुढे चऱ्याची काय मातब्बरी!

आता अक्षाबद्दल. अडवायचा प्रकाश आडवा ध्रुवित असतो, म्हणून काचेचा पारगमन अक्ष, म्हणजे काच ज्या दिशेचा प्रकाश आत सोडते ती दिशा, बरोबर उभा असायला हवा. काच कापताना किंवा बसवताना ती थोडी फिरली, तर परिणाम घटतो, आणि दोन काचा वेगवेगळ्या कोनांत फिरल्या तर दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी चमक दिसून डोके जड होते. नंबरच्या काचेत हे काम आणखी जोखमीचे असते, कारण सिलिंडरचा (तिरकस नंबरचा) अक्ष आणि ध्रुवीकरणाचा अक्ष दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात. कच्च्या काचेवर त्यासाठी खुणा दिलेल्या असतात. काम करणाऱ्याने त्या पाहिल्या की नाहीत, हा खरा प्रश्न असतो.

याची तपासणी दुकानातच होऊ शकते. संगणकाच्या एलसीडी पडद्यासमोर गॉगल धरून तो हळूहळू फिरवावा. एका ठरावीक कोनात पडदा काळा पडतो. दोन्ही काचा एकाच कोनात काळ्या पडल्या तर फिटिंग बरोबर आहे असे समजावे. एक आधी आणि दुसरी नंतर काळी पडली, तर काच पुन्हा बसवून घ्यावी. माझ्या सीआर-३९ जोडीतली डावी काच या तपासणीत किंचित मागे पडली होती. दुकानदाराने तिथल्या तिथे फ्रेम गरम करून काच फिरवून दिली, पण गोल आकाराची फ्रेम असल्यामुळेच ते शक्य झाले. चौकोनी फ्रेममध्ये काच नव्यानेच कापावी लागली असती. हीच तपासणी करताना काचेच्या कडेला रंगीत ठिपके किंवा पट्टे दिसले, तर काच खाचेपेक्षा मोठी कापली गेली असून दाबाखाली आहे असा संशय घ्यावा. पॉलिकार्बोनेटमध्ये असे रंग थोडेफार मुळातच दिसतात, त्यामुळे तिथे लगेच वाद घालू नये.

काचेचा बाक हा विषय दुकानात क्वचितच निघतो. रोजच्या वापराच्या पुष्कळशा गॉगलना सुमारे ६ बेसची (बेस म्हणजे बाकाचा आकडा; तो मोठा तितका बाक जास्त), तर चेहऱ्याभोवती वळणाऱ्या खेळाडू पद्धतीच्या गॉगलना ८ बेसची काच लागते. वळणदार फ्रेममध्ये सपाट काच दाबून बसवली, तर काड्या फाकतात आणि काच केव्हातरी निसटते. ऑनलाइन मागवताना काडीच्या आतल्या बाजूचा मॉडेल क्रमांक आणि मापाचे आकडे पाहून, नेमक्या त्याच मॉडेलसाठी कापलेल्या काचा घेणे हाच सुरक्षित मार्ग होय. ‘सर्व आकारांना चालेल’ असे लिहिलेले काहीही घेऊ नये.

गडदपणाच्या बाबतीत माझ्या साडूंचे ठाम मत आहे की जितकी काळी तितकी चांगली. त्यांच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे, पण आंतरराष्ट्रीय मानकानुसार श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते आणि ३ ते ८ टक्के सोडणारी श्रेणी ४ ची काच वाहन चालवताना वापरू नये असे स्पष्ट सांगितले जाते. रंगाचा फरक मला अपेक्षेपेक्षा अधिक जाणवला. राखाडी काचेत रंग जसेच्या तसे राहतात, तर तपकिरी काचेत रस्त्यावरचे खड्डे आणि उंचवटे अधिक उठून दिसतात. आमचे रस्ते पाहता मी तपकिरी निवडली, यात नवल नाही. आतल्या बाजूला परावर्तनरोधक लेपही घेतला. सूर्य पाठीमागे असताना स्वतःच्याच गालाचे प्रतिबिंब काचेत दिसते, ते त्यामुळे थांबले. या लेपावर बोटांचे ठसे मात्र फार उठून दिसतात.

गैरसोयी आहेतच. मोबाइल आडवा धरला की माझ्या फोनचा पडदा काळा होतो, म्हणून नकाशा लावताना तो उभाच ठेवावा लागतो. पेट्रोल पंपावरचे आकडे मान तिरकी केल्याशिवाय नीट वाचता येत नाहीत. समोरच्या काचेवर वेग दाखवणारी सोय ज्या गाड्यांत असते, तिथे ते आकडे जवळपास दिसेनासे होऊ शकतात. गाड्यांच्या कडक केलेल्या मागच्या काचांवर निळसर ठिपक्यांची जाळी दिसते. तो गॉगलचा दोष नसून गाडीच्या काचेतला ताण असतो. यापेक्षा गंभीर गोष्ट पावसाळ्यातली आहे. ओला किंवा तेल सांडलेला रस्ता आपण चकाकीवरून ओळखतो, आणि तीच चकाकी नाहीशी झाल्यामुळे कसारा घाटात रस्ता कोरडा असल्याचा भास होतो. पाऊस थांबून लख्ख ऊन पडले तरी घाटात मी गॉगल काढून ठेवतो.

ध्रुवीकरण आणि अतिनील किरणांपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काच पोलराइज्ड आहे म्हणून ती यूव्ही अडवते असे नाही. ४०० नॅनोमीटरपर्यंत संरक्षण असल्याचे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत यूव्ही मोजण्याचे छोटे यंत्र असते, त्यावर काच तपासून मागावी.

सिन्नरकडची धूळ बारीक आणि खरखरीत असल्यामुळे काच कोरड्या रुमालाने कधीही पुसू नये; आधी पाण्याची धार, मग सौम्य साबण. सहा-आठ महिन्यांनंतरही माझ्या काचांवर एकही मोठा चरा नाही, याचे श्रेय याच सवयीला आहे. सुटलेल्या टीएसी काचांच्या जागी आता त्या दुसऱ्या फ्रेमसाठीही सीआर-३९ च्याच काचा सांगितल्या आहेत, पण कमी गडद, श्रेणी २ च्या; हिवाळ्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास निघताना श्रेणी ३ ची काच फार लवकर काळोखी वाटू लागते, आणि परतीच्या वाटेवरचा मोहदरी घाट उतरताना मला ते नको आहे.