हिंदी टायपिंग शिकायचंय? इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन की फोनेटिक

हिंदी टायपिंगची प्रॅक्टिस करायची म्हटलं की सगळे आधी सॉफ्टवेअर शोधायला लागतात, पण आधी ठरवायचा असतो लेआउट, म्हणजे कुठल्या की वर कुठलं अक्षर ती मांडणी. बोटांना एकदा वळण लागलं की ते मोडणं नव्याने शिकण्यापेक्षा अवघड. मी फोनेटिकवर वर्षभर टाइप केलं आणि मग इनस्क्रिप्टवर आलो, पहिले पंधरा दिवस अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

फोनेटिक म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा आणि कॉम्प्युटर त्याचं देवनागरी करतो. पहिल्या दिवसापासून जमतं, मेसेज आणि छोट्या मेलसाठी झकास. पण नजर सारखी स्क्रीनवर ठेवावी लागते, कारण हिंदीत 'कि' आणि 'की' हे दोन वेगळे शब्द आहेत, 'में' आणि 'मैं' पण, आणि सजेशनमधून चुकीचा निवडला तर वाक्याचा अर्थच बदलतो. समोरचा कागद बघून भराभर टाइप करायचं असेल तर हे कामाचं नाही.

रेमिंग्टन ही जुन्या टाइपरायटरची मांडणी, कृतिदेव फॉन्टवाले हीच वापरतात. यात अक्षर जसं दिसतं तसं टाइप करायचं, म्हणजे 'हिंदी' लिहिताना आधी पहिली वेलांटी मग ह, आणि 'धर्म'मधला रफार म झाल्यावर. अर्ध्या अक्षरांना वेगळ्या की आहेत त्यामुळे पाठांतर भरपूर, पण हात बसलेला माणूस यावर सुसाट सुटतो, हे मान्यच करायला हवं. अडचण कृतिदेवची आहे. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना समजणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत, वापरत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, सर्चमध्येही सापडत नाही. रेमिंग्टन गेल नावाचा लेआउट युनिकोडमध्ये चालतो, तो घेतला तर ही कटकट नाही.

आणि इनस्क्रिप्ट. १९९१ च्या भारतीय मानकात हाच लेआउट आहे आणि विंडोजमध्ये हिंदी भाषा अ‍ॅड केली की मिळतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं, के दाबलं की क, शिफ्ट धरून के दाबलं की ख, आय वर ग आणि शिफ्टने घ, म्हणजे बाराखडी येणाऱ्याला अर्धं आधीच येतं! जोडाक्षराला डी वरचा हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, आणि क्रम बोलतो तसाच, 'धर्म' म्हणजे ध, र, हलन्त, म. आपल्यासाठी मोठा फायदा असा की मराठीही याच हाताने होते, ळ शिफ्ट आणि एन वर आहे, नुक्ता, म्हणजे हिंदीतला अक्षराखालचा टिंब, उजव्या चौकटी कंसाच्या की वर. बंगाली, गुजराती, तमिळलाही मांडणीचं तत्त्व हेच. सुरुवातीला वेग मात्र खूपच कमी येतो.

परीक्षेसाठी शिकत असाल तर आधी जाहिरातीत लेआउट आणि फॉन्ट बघा, मग माझं मत सोडा आणि तेच घ्या. एसएससी, म्हणजे केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, सीएचएसएल या बारावी पातळीच्या भरती परीक्षेत क्लार्क पदासाठी हिंदीचा वेग मिनिटाला ३० शब्द मागतात, म्हणजे तासाला साधारण ९००० की, आणि टेस्ट १० मिनिटांची. टाइपरायटरवर हात बसलेला असेल तर रेमिंग्टनच ठेवा, उगाच बदलू नका. बाकी नव्याने सुरू करणाऱ्या मराठी माणसाने इनस्क्रिप्ट घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

प्रॅक्टिस करताना रोज अर्धा तास पुरतो पण खाडा नको. लेआउटचा प्रिंट स्क्रीनशेजारी लावा, कीबोर्डवर स्टिकर चिकटवू नका, नाहीतर मान खालीच राहते. पहिला आठवडा फक्त मधली ओळ, म्हणजे ो, े, ्, ि, ु आणि प, र, क, त, च, एवढ्यातच 'तुरुप', 'चुप', 'रुके', 'पुकारो'मधलं 'पु' असं काय काय बनवता येतं ते बघत बसा, वेगाचं घड्याळ दुसऱ्या महिन्यात लावा.