विम : टर्मिनलमधला टेक्स्ट एडिटर

ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला विम आजही माझ्या रोजच्या कामाचा आधार आहे, कारण एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीने) दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, शिरल्यावरही तो घरच्या लॅपटॉपवर वागतो तसाच वागतो. अवतरणचिन्हांतला मजकूर बदलायचा असेल, तर कर्सर त्यात कुठेही असला तरी सी, आय आणि अवतरणचिन्ह एवढे दाबले की जुना मजकूर पुसला जाऊन नवा लिहिता येतो. पुढच्या ठिकाणी तोच बदल केवळ टिंबाच्या कळीने होतो. हे एकदा हातात बसले की माउसला हात लावणे जिवावर येते. ‘अनडूफाइल’ ही सेटिंग चालू केल्यास फाइल बंद करून पुन्हा उघडल्यावरही आधीचे बदल मागे घेता येतात. इतकी उपयुक्त सोय मुळात बंद का ठेवावी, हे कोडेच आहे. देवनागरीसाठी मात्र विमची शिफारस करवत नाही. जोडाक्षरे व वेलांट्या अनेकदा विस्कटतात आणि कर्सर भलत्याच अक्षरावर दिसतो, अर्थात त्यात टर्मिनलचाही दोष बराच आहे. विम विनामूल्य असून, आवडल्यास युगांडातील मुलांसाठी देणगी द्यावी, एवढीच विनंती त्यात केलेली आहे.