फिनिक्स की होमस्टेड? नॅसकारच्या मोसमअखेरीचं तिकीट काढण्याआधी

अमेरिकेत राहणाऱ्या आणि एकदा तरी नॅसकारची, म्हणजे तिथल्या लोकप्रिय मोटार शर्यतींच्या मालिकेतली, शर्यत प्रत्यक्ष बघायची म्हणणाऱ्या मराठी माणसाचा प्रश्न २०२० ते २०२५ या काळात सोपा होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ॲरिझोनातलं फिनिक्स गाठायचं. तिथे चार ड्रायव्हर विजेतेपदासाठी उभे असत. त्या चौघांत जो पुढे संपवेल तो वर्षाचा विजेता.

२०२६ मध्ये यातलं काहीच तसं राहिलेलं नाही. मोसमाची शेवटची शर्यत आता ८ नोव्हेंबरला, फ्लोरिडातल्या होमस्टेड-मायामीला. २००२ ते २०१९ ती तिथेच होत असे, त्यामुळे जुन्या प्रेक्षकांना हे माहेरी परतल्यासारखं वाटेल. फिनिक्सला १८ ऑक्टोबर मिळाला आहे, म्हणजे शेवटच्या दहा शर्यतींतली सातवी. शिवाय एका दुपारी चौघांत निकाल लावण्याची पद्धतच मोडीत निघाली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विजेतेपदाचा सोहळा बघायला मिळेल एवढ्याच आशेवर तिकीट काढू नका, ट्रॅक बघून काढा. आणि ट्रॅक बघून काढायचं ठरवलंत तर होमस्टेड. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईलच.

निकाल त्याच दिवशी लागेल का?

चौघांच्या पद्धतीत याची हमी होती. २०१४ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी विजेता शेवटच्या दिवशीच ठरला, कारण नियमच तसा होता. पण या हमीची किंमत काय, हे २०२५ च्या फिनिक्सने दाखवलं. त्या चौघांतल्या डेनी हॅमलिनच्या नावावर तोवर कारकिर्दीत ६० विजय होते, आणि विजेतेपद एकही नाही. त्या दिवशी तो २०८ फेऱ्या आघाडीवर होता. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना विल्यम बायरनचा टायर गेला, गाड्यांचा वेग रोखणारा पिवळा झेंडा आला, सगळे टायर बदलायला पिटमध्ये शिरले. हॅमलिनने चार टायर बदलले, चौघांतल्याच काइल लार्सनने दोन. लार्सन त्याच्या पुढे बाहेर पडला, तिसरा आला आणि विजेता झाला. त्या शर्यतीत लार्सन एकही फेरी आघाडीवर नव्हता! शर्यत जिंकली रायन ब्लेनीने, जो त्या चौघांत नव्हताच.

नियमाप्रमाणे सगळं चोख होतं. तरी ३६ शर्यतींचा मोसम एका पंक्चरवर फिरला, हे अनेकांच्या घशाखाली उतरलं नाही. चौघांच्या पद्धतीवरचा राग आधीपासून होताच, त्या दिवशी त्यात भर पडली. २०२६ पासून जुनी ‘चेस’ पद्धत परत आली आहे. पहिल्या २६ शर्यतींनंतर गुणांनुसार १६ ड्रायव्हर निवडले जातात, त्यांचे गुण नव्याने मांडले जातात आणि पुढच्या दहा शर्यतींत जो सर्वाधिक गुण मिळवेल तो विजेता. मधेच कोणी बाद होत नाही. शर्यत जिंकणाऱ्याला आता ५५ गुण मिळतात.

याचा अर्थ होमस्टेडला पोहोचेपर्यंत निकाल लागून गेलेला असू शकतो. २००३ मध्ये, ‘चेस’ यायच्याही आधीच्या सरळ गुणपद्धतीत, मॅट केनसेथने एक शर्यत शिल्लक असतानाच विजेतेपद खिशात घातलं होतं, तेही वर्षभरात एकच शर्यत जिंकून. त्यावरच्या चिडचिडीतून २००४ मध्ये ‘चेस’ आली. तीही दरवर्षी रंगली असं नाही. २००८ मध्ये जिमी जॉन्सनला शेवटच्या दिवशी गाडी सुखरूप सांभाळण्यापलीकडे फारसं काही करायचं नव्हतं.

पण गुणांची लढत नीरसच असते, हे म्हणणं मला पटत नाही. २०११ मध्ये याच होमस्टेडवर टोनी स्टुअर्टने शर्यत जिंकली, कार्ल एडवर्ड्स दुसरा आला आणि दोघांचे गुण झाले २४०३, बरोबरीत. स्टुअर्टचे वर्षातले विजय पाच, एडवर्ड्सचा एक, म्हणून स्टुअर्ट विजेता. त्याआधी १९९२ मध्ये अटलांटाला बिल एलियटने शर्यत जिंकूनही विजेतेपद ॲलन कुल्विकीला गेलं, अवघ्या १० गुणांनी. सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहिल्याचे ५ गुण कुल्विकीला मिळाले होते, १०३ विरुद्ध १०२ फेऱ्या! नियमाने घडवून आणलेल्या नाट्याला याची सर येत नाही. फक्त अशी लढत दरवर्षी होत नाही, एवढं समजून पैसे खर्च करा.

ट्रॅक

फिनिक्सचा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, एक मैलाचा, शर्यत ३१२ फेऱ्यांची. वळणं तशी सपाट, ८ ते ११ अंशांची. आकार मात्र विचित्र आहे. एका बाजूची सरळ वाट मधेच वाकते, तिला तिथे ‘डॉगलेग’ म्हणतात. २०१८ च्या मोठ्या नूतनीकरणात सुरुवात-शेवटाची रेषा हलवून या वाकणाच्या अगदी अलीकडे आणली. त्यामुळे रीस्टार्टला, म्हणजे पिवळ्या झेंड्यानंतर शर्यत पुन्हा सुरू होताना, हिरवा झेंडा पडला रे पडला की गाड्या आतल्या बाजूने वाकण कापत चार-चार, पाच-पाच रांगांत पसरतात. ते दहा सेकंद बघण्यासारखे असतात.

पुढचं मात्र तितकं नाही. पुढची गाडी मोकळ्या हवेत निघून जाते, मागची तिच्या मागे अडकते. २०२२ पासूनच्या नव्या बनावटीच्या गाडीने छोट्या ट्रॅकवर हे दुखणं वाढवलं. त्यावर उपाय म्हणून या वर्षी दीड मैलाहून लहान ओव्हलवर इंजिनची ताकद ६७० वरून ७५० अश्वशक्ती केली आहे, आणि फिनिक्स त्यात येतं. फरक पडेल, पण माझ्या अपेक्षा बेताच्याच आहेत.

होमस्टेड दीड मैलाचा, २६७ फेऱ्या. या जागेची कथाही वेगळी आहे. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाने होमस्टेड गाव उद्ध्वस्त केलं, आणि गाव पुन्हा उभं करण्याच्या खटाटोपात १९९५ मध्ये हा ट्रॅक सुरू झाला. तेव्हा तो जवळजवळ आयताकृती होता. १९९७ मध्ये त्याचा खरा ओव्हल केला आणि २००३ मध्ये वळणांना १८ ते २० अंशांचा चढता तिरपेपणा दिला. आत कमी, भिंतीकडे जास्त. सगळी गंमत या दोन अंशांत आहे. आतून जा, मधून जा किंवा थेट भिंतीला घासून जा, तिन्ही वाटा चालतात.

त्यात डांबर जुनं आणि खरखरीत, पाचव्या दिवशीच्या कसोटी खेळपट्टीसारखं. नवे टायर काही फेऱ्यांतच मार खातात, वेळ घसरत जातो आणि मग कोणी किती जपून चालवलं ते दिसू लागतं. लार्सन इथे भिंतीपासून हातभर अंतरावर गाडी चालवतो. २०२२ मध्ये तो २६७ पैकी १९९ फेऱ्या आघाडीवर होता. २०२४ मध्ये टायलर रेडिकने तर शेवटच्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावरून, बाहेरची वाट धरून, हॅमलिन आणि ब्लेनी दोघांना मागे टाकलं. विजेतेपदाचा निकाल आधीच लागलेला असला तरी असा ट्रॅक तिकिटाचे पैसे वसूल करून देतो. फिनिक्सबद्दल हे मी म्हणणार नाही.

तर मग फिनिक्स कोणासाठी?

हाच तो अपवाद. ज्यांनी ओव्हल शर्यत कधीच पाहिलेली नाही, बरोबर लहान मुलं किंवा भारतातून आलेले आईबाबा आहेत, त्यांना फिनिक्स सोपं जाईल. एक मैलाचा ट्रॅक असल्याने बहुतेक जागांवरून अख्खी फेरी दिसते, ‘आता गाड्या कुठे गेल्या?’ असं विचारावं लागत नाही. आतल्या मैदानात गॅरेजमध्ये डोकावून बघायची सोय चांगली आहे. हवा कोरडी असल्याने शर्यत वाहून जाण्याची भीती कमी. ऊन मात्र ऑक्टोबरातही कडक, टोप्या आणि पाणी हवंच.

होमस्टेडला पाऊस ही खरी जोखीम आहे. दीड मैलाच्या तिरप्या ओव्हलवर ओल्या रस्त्यात शर्यत होत नाही. ट्रॅक वाळवायला तास जातात, नाहीच जमलं तर शर्यत सोमवारवर जाते. परतीचं विमान रविवारी रात्रीचं काढू नका. गाव मायामीच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, आणि शर्यत सुटल्यावर रस्ता तुंबतो. एक दिवस जास्त असेल तर जवळच एव्हरग्लेड्स आहे. रेडलँड भागात आंबा, फणस, चिकूच्या बागा आहेत, नोव्हेंबरात आंब्याची आशा मात्र ठेवू नका.

दुसरी अडचण आपली खास. ८ नोव्हेंबर २०२६ ला लक्ष्मीपूजन आहे. शर्यत संपेपर्यंत संध्याकाळ झालेली असेल, म्हणजे पूजा हॉटेलच्या खोलीत उशिरा, किंवा यंदा घरच्यांवर सोपवायची. हे आधी घरात बोलून घ्या, तिकीट नंतर. ज्यांच्या घरी हे जमणारच नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबरचं फिनिक्स आपोआप ठरलं. भारतात बसून बघणाऱ्यांना पूजा, फराळ सगळं आटोपून जागता येईल, कारण तिथली दुपार म्हणजे इथली मध्यरात्रीनंतरची वेळ.

दोन्हीकडे जागा घेताना खालच्या रांगा स्वस्त दिसल्या तरी टाळा. कुंपणाची जाळी आणि समोर उभे राहिलेले ट्रक यांतून पलीकडची बाजू दिसत नाही. जितकं वर तितकं चांगलं. मुलांसाठी कान झाकणारे हेडफोन घरूनच न्या. मोठ्यांनी तिथे भाड्याने मिळणारा स्कॅनर घ्यावा, त्यावर ड्रायव्हर आणि त्याच्या क्रू चीफचं, म्हणजे चमूच्या प्रमुखाचं, बोलणं थेट ऐकू येतं. होमस्टेडला टायर कधी बदलायचे यावरून त्यांची जी हुज्जत चालते, ती ऐकायला हे भाडं काहीच नाही.