जुन्या 5.0 मस्टँगला स्वस्त टर्बो किट: टर्बो पास, बाकीचं सामान नापास

गाडी 1989 ची फोर्ड मस्टँग एलएक्स, फॉक्स-बॉडी, म्हणजे फोर्डच्या फॉक्स नावाच्या सांगाड्यावरची. 5.0 लिटरचं व्ही8, पाच गिअर. कारखान्यातून निघताना 225 अश्वशक्तीची. एवढ्या वर्षांनंतरही हे इंजिन खणखणीत आहे आणि त्याचा आवाज ऐकला की अजून अंगावर काटा येतो. पण हल्लीची साधी फॅमिली कारसुद्धा सिग्नलवरून हिच्या बरोबरीने निघते, ते काही मला बघवत नव्हतं. म्हणून टर्बो बसवायचं ठरवलं; तो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबतो. नामांकित कंपनीचं पूर्ण टर्बो किट घ्यायचं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. म्हणून ऑनलाइन मिळणारं बिनब्रँडचं किट घेतलं, हजार डॉलरच्या आतलं.

खोक्यात टी4 मापाच्या फ्लँजचा टर्बो, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह), ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पॅडल सोडल्यावर अडकलेली दाबाची हवा सोडणारा), इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा), अ‍ॅल्युमिनियमचे पाइप, सिलिकॉनचे जोड, क्लॅम्प आणि ऑइलच्या नळ्या आल्या. एक्झॉस्टची बाजू आपली आपण करायची. त्यासाठी मूळचेच हेडर (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणारे पाइप) उलटे फिरवून तोंड पुढे काढलं आणि दोन्ही बाजू जोडणारा पाइप वेल्डरकडून करून घेतला. फॉक्स-बॉडीवाल्यांचा हा जुना जुगाड आहे आणि तो खरोखर चालतो.

लोक स्वस्त किटला नावं ठेवतात तेव्हा बोट टर्बोकडे असतं. माझा अनुभव उलटा आहे. टर्बोचा शाफ्ट बोटांत धरून आतबाहेर ढकलला तर हालचाल जाणवलीच नाही. वरखाली किंचित खेळ होता, पण ऑइलच्या थरावर चालणाऱ्या जर्नल बेअरिंगमध्ये ऑइल भरलेलं नसताना तेवढा असतोच. पाती हाउसिंगला कुठेही घासत नव्हती. 8 पीएसआय बूस्टवर (बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, पीएसआय हे त्याचं माप) तो शांतपणे काम करतोय, ऑइल गळत नाही, एक्झॉस्टमधून निळा धूर नाही. एवढ्या पैशात याहून जास्त मी मागणार नाही.

वेस्टगेट मात्र टाकाऊ. गाडीला लावण्याआधी तो टेबलावर ठेवून कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरमधून हळूहळू दिली. स्प्रिंगवर 7 पीएसआय छापलेलं, पण 10 होईपर्यंत व्हॉल्व्ह ढिम्म, आणि मग एकदम झटक्याने उघडला. मिटल्यावर एका बाजूला बारीक फटही राहत होती. टर्बोच्या गाडीत बूस्टला आवर घालणारा हा एकच भाग. तो अडकला तर बूस्ट चढतच जातो आणि इंजिनाचा निकाल लागतो. नावाजलेल्या कंपनीचा वेस्टगेट किटच्या जवळजवळ निम्म्या किमतीला पडला, पण त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

पाइपांचे क्लॅम्प पट्टी आणि स्क्रूवाले, घरगुती नळीला लावतात तसले. ते सिलिकॉनला कापतात आणि बूस्ट आला की जोड निसटतो. टी-बोल्टचे घ्या, आणि पाइपच्या टोकाला उंचवटा नसेल तर वेल्डरकडून तोही काढून घ्या. गॅस्केट सगळी कागदी होती, ती कचऱ्यात गेली आणि स्टीलची बसवली. ऑइल परत आणणारी नळी फारच बारीक. टर्बोतून ऑइल दाबाने बाहेर पडत नाही, फेसाळलेलं ऑइल केवळ उतारावरून खाली येतं. म्हणून ही नळी जाड हवी, तिला कुठे पोट यायला नको, आणि ऑइल पॅनमध्ये ती ऑइलच्या पातळीच्या वरच उघडली पाहिजे. तसं नसेल तर ऑइल टर्बोत तुंबतं, सीलमधून बाहेर येतं आणि लोक चांगल्या टर्बोला शिव्या देतात.

इंटरकूलरवर मी खूश आहे. 27 अंशांची हवा 8 पीएसआयपर्यंत दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ती 85 अंशांच्या आसपास पोचते. एवढी गरम हवा 9:1 कॉम्प्रेशनच्या इंजिनात गेली तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिनात बसणारे ठोके, ठरलेलं. इंटरकूलरच्या पुढे गाडीच्या नाकाशी थंड हवा येऊ द्या, त्याचं काम तो करतो.

आता जे खोक्यात नाहीच, त्याबद्दल. मूळचे इंजेक्टर ताशी 19 पाउंड पेट्रोल देणारे, आणि 225 अश्वशक्तीलाच त्यांची ताकद संपत येते. काही किटवाले बूस्टबरोबर पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर देऊन मोकळे होतात. तो मार्ग मला पटत नाही. मी 42 पाउंडाचे इंजेक्टर, ताशी 255 लिटरचा पंप आणि जुळणारा एअर मीटर घातला. 1989 पासून या गाडीला मास एअर आहे, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजली जाते, हे मोठं भाग्य. त्याआधीच्या बहुतेक गाड्या स्पीड-डेन्सिटीच्या, म्हणजे हवेचा नुसता अंदाज बांधणाऱ्या, त्यांना आधी तो बदल करावा लागतो. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरशिवाय टर्बो सुरूच करू नये. पूर्ण बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण 11.5:1 च्या आसपास ठेवलंय, स्पार्कचं टायमिंग मागे घेतलंय आणि प्लगची गॅप कमी केलीय. डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) जाणकाराकडून ट्यूनिंग करून घेतलं. सगळ्या खर्चात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे ते.

चालवायला? तीन हजार आरपीएमच्या खाली ती पूर्वीचीच मस्टँग आहे. तिथून पुढे शिट्टी चढत जाते, सीट पाठीला दाबते आणि तिसऱ्या गिअरमध्येही मागची चाकं सुटायला बघतात. व्ही8 चा मूळचा घोगरा आवाज टर्बोमुळे थोडा दबला, त्याची मला खंत आहे. पण ही ओढ एकदा अनुभवली की तक्रार उरत नाही.

बूस्ट मात्र मी 8 च्या वर नेणार नाही. 500 अश्वशक्तीच्या आसपास हा ब्लॉक मधोमध उभा चिरतो, हे फॉक्सवाल्यांमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मूळचा टी-5 गिअरबॉक्सही तेवढा टॉर्क सोसत नाही. दमदार क्लचचा खर्च आधीच धरा.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर आधी नियम बघा. 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना तिथे स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, नाही. 1976 पासूनच्या गाडीला एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ, म्हणजे मंजुरीचा, नंबर असलेलेच सुटे भाग चालतात, आणि असल्या किटवर तो नसतो. तिथे 1989 च्या गाडीला हे किट घेऊच नका. इतर राज्यांतही तपासणीचे नियम वाचूनच पैसे भरा.

घ्यायचंच असेल तर टर्बो, इंटरकूलर आणि पाइप सुटे विकणारा शोधा. मग टाकून द्यायच्या वेस्टगेटचे, क्लॅम्पचे आणि नळ्यांचे पैसे भरावे लागणार नाहीत.