वासा म्युझियम, स्टॉकहोम: १३०० मीटर चाललेली युद्धनौका (५ पैकी ५ स्टार)

स्टॉकहोमला राहायला येऊन मला चार वर्षं झाली, पाहुणे आले की त्यांना वासा म्युझियमला घेऊन जायचं हे ठरलेलंच, त्यामुळे माझ्या पाच फेऱ्या झाल्यात. पण रिव्ह्यू लिहायला बसले ती या जूनमधल्या फेरीनंतर, कारण या वेळी आई आणि अण्णा बरोबर होते. अण्णांनी सांगलीत चाळीस वर्षं सुतारकाम केलंय. आम्ही बाकीचे सगळे त्या जहाजाकडे बघतो आणि 'बापरे केवढं मोठं' म्हणून फोटो काढतो, अण्णा मात्र लाकडाकडे बघत होते, आणि त्यांच्यामुळे मला ते जहाज पहिल्यांदा नीट कळलं असं म्हणायला हरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडोल्फ, त्याचं पोलंडशी युद्ध चालू होतं, त्याला समुद्रावर धाक बसवायचा होता म्हणून त्याने ही वासा नावाची युद्धनौका बांधून घेतली. ६४ तोफा, त्यातल्या ४८ चोवीस पौंडी गोळ्याच्या, त्याही एकावर एक अशा दोन मजल्यांवर. १० ऑगस्ट १६२८ ला दुपारी ती पहिल्यांदा निघाली, किनाऱ्यावर सगळं गाव बघायला आलेलं, सलामी द्यायची म्हणून तोफांच्या खिडक्या उघड्या, दहापैकी चारच शिडं लावलेली आणि वाराही हलकाच. एक झुळूक आली, जहाज कललं, परत सरळ झालं. दुसरी आली तेव्हा खालच्या मजल्याच्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं आणि जेमतेम १३०० मीटर गेलेलं जहाज बंदरातच, लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालं. साधारण तीस माणसं गेली. एकही शत्रू आसपास नव्हता.

नावावरून आधी घरात बरंच बोलणं झालं. अण्णांना वाटलं वासा म्हणजे छपराचा वासा, लाकडाचं जहाज म्हणून तसं नाव ठेवलं असेल. मी सांगितलं की ते राजघराण्याचं नाव, त्यांच्या चिन्हात धान्याची पेंढी असते त्यावरून आलेलं. अण्णा म्हणाले, असू दे, पण घर फिरलं की वासे फिरतात हे तिकडंबी लागू पडलं की.

आत शिरल्या शिरल्या अंधार असतो आणि गारवा, लाकूड टिकावं म्हणून उजेड कमी ठेवलाय आणि तापमान १८ ते २० डिग्रीच्या आसपास, त्यामुळे उन्हाळ्यात गेलात तरी स्वेटर न्या, आईने शाल नेली होती ते बरं झालं. डोळे सरावले की समोर ते जहाज उभं दिसतं. बाहेर आलेल्या डोलकाठीसकट ६९ मीटर लांब, आणि जे दिसतंय त्यातलं ९८ टक्के मूळचं लाकूड आहे. अण्णा पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग जवळ जाऊन म्हणाले, "अगं, तासणीचे घाव दिसतायत बघ." चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी मारलेला घाव आणि त्याच्या शेजारी लाकडी खुंट्यांची डोकी, एकेक मोजता येतील इतकी स्पष्ट. पाण्याखाली लोखंडी बोल्ट गंजून गेले पण जहाज उभं राहिलं ते बऱ्याच अंशी या खुंट्यांच्या जिवावर, हे मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

शिल्पं किती आहेत विचारू नका, शेकड्यांनी आहेत. पुढच्या टोकाला उडी घेणारा सिंह, रोमन सम्राटांची रांग, आणि शत्रूला हिणवायचं म्हणून वाकून बसलेला पोलिश सरदार. हे सगळं भडक रंगात रंगवलेलं होतं, एकास दहा मापाची प्रतिकृती शेजारी आहे त्यात दिसतं. एवढा पैसा, एवढी कला, आणि हे सगळं ज्याच्यावर उभं ते तळाचं गणित चुकलेलं. वरचा भाग उंच आणि जड, पाण्याखालचा भाग अरुंद. तळाला १२० टन दगड भरले होते तरी ते पुरेना, आणि अजून भरावेत तर जहाज खाली बसून तोफांच्या खिडक्या पाण्याच्या आणखी जवळ येणार. त्या काळी स्थिरतेचं गणित कागदावर मांडायची पद्धतच नव्हती, कारागीर अनुभवावर बांधायचे, हे मान्य. मुख्य कारागीर हेन्रिक हायबर्टसन, मूळचा डच, तो तर जहाज पुरं व्हायच्या आधी १६२७ मध्येच वारला. त्यामुळे बांधणाऱ्यांना मी फार दोष देत नाही.

मला राग येतो तो त्या चाचणीचा. निघायच्या आधी धक्क्यालाच एक चाचणी घेतली होती, तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवायचं आणि जहाज किती डोलतं ते बघायचं. तीन वेळा पळवलं. जहाज इतकं डोलायला लागलं की चौथ्यांदा पळवलं तर धक्क्यालाच उलटेल अशी वेळ आली, म्हणून थांबवलं. समोर व्हाइस अॅडमिरल क्लास फ्लेमिंग स्वतः हजर. म्हणजे माहीत होतं! जहाज उभं राहणार नाही हे राजाच्या आरमारातल्या सगळ्यात मोठ्या माणसांपैकी एकाने डोळ्यांनी बघितलं होतं. आणि पुढे काय केलं तर काही नाही. जहाजावरचा अधिकारी योरान मॅटसन याने काळजी बोलून दाखवली तर त्याला उत्तर मिळालं की बांधणाऱ्याने याआधीही जहाजं बांधलीत, तू चिंता करू नको. राजा तिकडे प्रशियात, तिथून लवकर पाठवा म्हणून तगादा, आणि 'महाराज, हे जहाज निघू शकत नाही' असं पत्र लिहायची कुणाची टाप नव्हती.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते म्हणून मला हे जास्तच लागतं. आधीच्या एका कंपनीत रिलीजची तारीख वरून ठरून आली होती, लोड टेस्ट (एकदम खूप लोकांनी वापरलं तर सिस्टीम टिकते का ते बघायची चाचणी) अर्ध्यात कोसळली, आणि मीटिंगमध्ये ठरलं की टेस्ट 'थांबवली' असं लिहायचं, 'फेल' लिहायचं नाही. मी मेल टाइप केला होता, पाठवला नाही. लाइव्ह गेल्यावर दोन दिवस लोकांचे पैसे अडकून पडले. कुणाचा जीव गेला नाही एवढंच. त्या तीस माणसांच्या चाचणीच्या माहितीसमोर मी दर वेळी थोडी जास्त थांबते ते यामुळे.

जहाज बुडाल्यावर कप्तानाला लगेच अटक झाली, मग चौकशी बसली. तोफा नीट बांधल्या होत्या का, खलाशी प्यायले होते का, सगळं विचारलं. कारागीर म्हणाले, मापं राजाने मंजूर केली होती. राजाने पत्रातून दोषींना शिक्षा करा म्हणून बजावलं होतं, पण शेवटी कुणालाच शिक्षा झाली नाही. होणार कशी, दोष राजापर्यंत जात होता, ते बोलून दाखवणार कोण? म्युझियमने हे झाकलेलं नाही, उलट राष्ट्राची एवढी मोठी फजिती त्यांनी एवढ्या प्रेमाने आणि प्रामाणिकपणे मांडलीय, मला याचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे असं एखाद्या पराभवाचं, चुकीचं म्युझियम कधी होईल का असं मनात येतं.

अण्णांना सगळ्यात आवडलेली गोष्ट मी सांगते, कारण मीही ती आधी कधी नीट बघितली नव्हती. जहाजात कारागिरांच्या मोजपट्ट्या सापडल्या, चार. त्यातल्या दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंची, आणि दोन अॅम्स्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. एकाच जहाजावर दोन मापं! आणि जहाज मोजल्यावर कळलं की त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत, डाव्या बाजूला लाकूड जास्त आहे. अण्णा म्हणाले, आपल्यात एक सूत इकडं तिकडं झालं तर दार बसत नाही, आणि हे राजाचं जहाज, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पट्ट्या जुळवून घ्यायला नकोत? जहाज बुडायला हे एकच कारण नव्हतं, उंची आणि वजन हे मुख्य, पण कामावरचा सावळा गोंधळ त्या चार पट्ट्यांत दिसतो.

खालच्या मजल्यावर माणसांचे सांगाडे आणि त्यांच्यावरून बनवलेले चेहरे आहेत, लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा. त्यातला एक सांगाडा इतकी वर्षं पुरुषाचा समजत होते, २०२३ मध्ये डीएनएवरून कळलं की ती बाई होती, आता तिला गर्ट्रूड म्हणतात. खलाशाची एक पेटी आहे, त्यात टोपी, शिवणाचं सामान. आई त्या पेटीपाशी उभी राहून म्हणाली, घरून कुणीतरी भरून दिली असणार गं.

जहाज वर कसं काढलं तो भाग पण सोडू नका. आंदेर्स फ्रान्झेन नावाच्या माणसाने १९५६ मध्ये तळातून लाकडाचा काळा तुकडा वर काढून ते शोधलं, मग पाणबुड्यांनी चिखलात जहाजाच्या खालून बोगदे खणले, दोर घातले, आणि २४ एप्रिल १९६१ ला ३३३ वर्षांनी ते वर आलं. बाल्टिकच्या पाण्यात मीठ कमी, त्यामुळे लाकूड खाणारा जहाजकिडा तिथे जगत नाही, म्हणून ते एवढं शाबूत. नंतर लाकूड आक्रसून तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्याच्यावर रसायन फवारलं.

जायचं असेल तर: ७ नंबरची ट्राम किंवा स्लुसेनवरून युरगॉर्डनची फेरी, म्हाताऱ्या माणसांना फेरी बरी, आणि त्याच बंदराच्या पाण्यावरून जाता ज्यात हे सगळं घडलं. १८ च्या आतल्या मुलांना तिकीट नाही. सकाळी उघडताच पोचा, दुपारी गर्दी फार होते. आधी आतली छोटी फिल्म बघा, मग इंग्लिश गाइडबरोबर फिरा, दोन्ही तिकिटातच येतं, मग एकटे पुन्हा वरच्या मजल्यांवरून बघा. किमान तीन तास ठेवा, आम्हाला साडेचार लागले. लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. बाहेर पडल्यावर छपराच्या वर आलेल्या डोलकाठ्यांकडे बघा, खऱ्या जहाजाची डोलकाठी तेवढी उंच होती, आतून तो अंदाज येत नाही.

परतताना फेरीवर मी अण्णांना एप्लेटबद्दल सांगितलं. वासाचंच जोडीचं जहाज, त्यानंतर लगेच १६२९ मध्ये पाण्यात उतरलं. कारागिरांनी ते जरा रुंद बांधलं होतं, आणि ते तीस वर्षं चाललं. २०२१ मध्ये व्हाक्सहोल्मजवळ तेही सापडलंय. अण्णांनी बराच वेळ पाण्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती रुंद, माप लिवलंय का कुठं?" पुढच्या उन्हाळ्यात त्यांना परत यायचंय, येताना स्वतःची पट्टी आणतो म्हणालेत.