मिरजेत आत्याचा तंबोरा दुरुस्त करून घेतला, त्याबद्दल

घरात जुना तंबोरा पडून असेल आणि तो पुन्हा बोलता व्हावा असं मनापासून वाटत असेल, तर तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीत न्या. स्वतः न्या, आणि जो त्यावर गाणार आहे त्याला सोबत घेऊन जा. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

तंबोरा माझ्या आत्याचा. आजोबा अकाली गेले आणि थोरली म्हणून घर तिच्या अंगावर आलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी धरली, धाकट्यांची शिक्षणं केली, लग्नं केली, स्वतःचं राहिलं. गाणं पहाटेचं, घर उठायच्या आत संपणारं. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर गायचं तिच्या मनात होतं. ऑडिशनचा भरलेला अर्ज ती गेल्यावर तिच्या कागदांत सापडला, सहीसकट. तंबोरा माझ्याकडे आला तेव्हा खुंट्या घसरत होत्या, तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, बारीक चीर होती आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारांनी खाचा पाडल्या होत्या. तार छेडली की कोरडा ठोका यायचा, मागे काहीच उरायचं नाही. आमच्या गावात वाद्यांच्या एका दुकानात दाखवला. शोभेला ठेवा आणि गायला तंबोऱ्याचं ॲप वापरा, असं तिथं सांगितलं. ॲप मीही वापरते, माझ्या गाण्याच्या क्लासच्या मुलींना घरी रियाजाला ते सोयीचं पडतं. पण माझा प्रश्न तो नव्हता.

मिरजेत ज्या कारागीर चाचांकडे गेले त्यांनी आधी तारांकडे पाहिलंच नाही. भोपळ्यावर बोटांनी टकटक केलं, कान लावला. ‘‘भोपळा चांगला वाळलाय ताई. याला हात लावायचा नाही.’’ दांडी तुणाच्या लाकडाची, सरळ आहे, तीही ठेवायची. चीर सरस भरून बुजवायची, खुंट्या नव्यानं बसवायच्या, घोडी घासायची. सगळं नवं करा म्हणून पैसे वाढवता आले असते, मला त्यातलं काही कळलंही नसतं. त्यांनी जेवढं लागेल तेवढंच सांगितलं.

मग विचारलं, ‘‘पट्टी कुठली?’’

मी म्हटलं, काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. आत्या काळी चारमध्ये गायची.

‘‘त्या गायच्या. आता गाणार कोण?’’

मी त्याखालच्या काळी तीनमध्ये गाते. तरी मी आग्रह धरला, की आत्याच्या वेळी होता तसाच करून द्या. तिचा आवाज त्यात आहे तसा राखणं हे माझं काम आहे अशी माझी समजूत होती. चाचा रागावले नाहीत. समजावून सांगितलं, की पट्टी खाली आली की तार थोडी जाड लागते आणि जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याचा बारीक उतार, त्या तारेच्या मानानं काढावी लागते. दुसऱ्याच्या पट्टीची जवारी घेऊन बसलात तर गळा रोज ओढावा लागेल. ‘‘मग तुम्ही हा वाजवणार नाही. ठेवून द्याल.’’

हे वाक्य मी घरी घेऊन आले. गेलेल्या माणसाची वस्तू सांभाळणं म्हणजे ती आहे तशी ठेवणं, असं आपल्याला वाटतं. आत्याचा तंबोरा तिच्या पट्टीत अडकून राहिला असता तर तिच्या गाण्यातलं पुढे काहीच गेलं नसतं.

जवारीचं काम मी समोर बसून पाहिलं. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानशीनं अगदी थोडा घासायचा, इतका की डोळ्याला फरक दिसू नये. तार चढवायची, खाली दोरा सरकवायचा, ऐकायचं. पसंत नाही पडलं की तार उतरवून पुन्हा घासायचं. उतार हवा तसा जमला की तार घोडीला निसटता स्पर्श करत राहते आणि एका सुरातून वरचे स्वर उमलत जातात. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या ‘सा’च्या, पितळी तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू आला तेव्हा चाचांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ते स्वतः गात नाहीत. पण गंधार कधी खरा लागला हे त्यांना माझ्याआधी कळलं. दुसऱ्याच्या गाण्यासाठी जन्मभर कान लावून बसणं ही मी निर्मितीच मानते, आणि वरच्या दर्जाची.

या गल्लीचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचं. ते इथं सुरू करणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यातले. हत्यारांचं काम घटलं तसा तो हात वाद्यांकडे वळला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला आनंद झाला, पण त्यापेक्षा जास्त आनंद चाचांचा मुलगा शेजारी बसून खुंट्या कातत होता हे पाहून झाला.

पॉलिश वाळेपर्यंत मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर तिथं आहे. ते वाद्यंही दुरुस्त करायचे. १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमलकोईल स्टेशनवर उतरून, अखेर जवळ आली असं जाणवल्यावर त्यांनी तंबोरा जुळवायला लावला आणि दरबारी रागात प्रार्थना म्हटली, असं सांगतात. आत्यानं शेवटच्या आजारात तंबोऱ्याचं नाव काढलं नाही. भाच्याची कॉलेजची फी भरली का, एवढंच विचारलं. तिनं कर्तव्य केलं म्हणून स्वप्नाची भरपाई झाली, असं मी म्हणणार नाही. तो अर्ज टपालात पडायला हवा होता. ती गायला हवी होती.

आता व्यवहाराचं. सांगितलेली तारीख पाळली गेली नाही, दिवाळीच्या आधी मिळायचा तो नंतर मिळाला, आणि दोनदा फोन करावा लागला. खर्चाचा अंदाज तोंडी असतो, तो कागदावर लिहून मागा, देतात. गवसणी, म्हणजे तंबोऱ्याची खोळ, त्यांच्याकडची पातळ वाटली, मी कोल्हापुरात जाड कापसाची शिवून घेतली. नेताना तारा सैल करा आणि कुरियरच्या भरवशावर भोपळा पाठवू नका. कोल्हापूर-मिरज रेल्वेनं गर्दीची वेळ टाळली तर तंबोरा मांडीवर आडवा धरून नीट नेता येतो. पैसे मला वाजवी वाटले, नव्या तंबोऱ्याच्या किमतीपुढे फारच कमी.

क्लासमधल्या एका मुलीच्या आजीचाही तंबोरा माळ्यावर आहे. तिची पट्टी अजून ठरायची आहे. ठरली की तिला घेऊन मी पुन्हा मिरजेला जाणार आहे.