लॉ फर्मच्या लेखी चाचणीचा सराव: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लॉ फर्मच्या निवडीतील लेखी चाचणीसाठी मी एक सशुल्क ऑनलाइन सराव-संच घेतला आणि त्याच्या जोडीला इंडिया कोड (कायद्यांच्या मूळ पाठासाठी) व सर्वोच्च न्यायालयाचे ई-एससीआर (निकालांसाठी) ही दोन विनाशुल्क संकेतस्थळे गेले काही महिने नियमित वापरली. संच उपयोगी आहे, परंतु खरी तयारी विनाशुल्क साधनांनी करून घेतली, असे माझे मत झाले आहे.

विद्यापीठाच्या परीक्षेत ‘करार कायद्याचे कलम ७४ स्पष्ट करा’ असे विचारतात. चाचणीत मात्र करार आणि चार-दोन ईमेल हाती देऊन, अशिलाला किती रक्कम मिळेल याचा मेमो, म्हणजे थोडक्यात लेखी कायदेशीर सल्ला, ठरलेल्या वेळेत मागतात. हा फरक अंगवळणी पडावा म्हणून मी पुण्यात घरोघरी सापडणारा दस्तऐवज सरावाला घेतला, तो म्हणजे मित्राचा लिव्ह अँड लायसन्स करार, अर्थात नावे खोडून. हिंजवडीत नोकरी करणाऱ्याने लॉक-इन (घर सोडता येत नाही असा करारातील ठरलेला काळ) संपण्याआधी घर सोडले आणि मालक उरलेल्या महिन्यांचे भाडे अनामतीतून कापू पाहतो, असा प्रश्न मी त्यावर रचला.

इंडिया कोडवर १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ उघडले, तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध होवो वा न होवो, करारात नमूद रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते, असे दिसते. तेवढ्यावर थांबणारे उत्तर अपुरे पडते, कारण कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने, जिथे नुकसान सिद्ध करणे शक्य आहे तिथे ते सिद्ध करण्यापासून सूट नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे मेमोचे पहिलेच वाक्य ‘पूर्ण रक्कम आपोआप कापता येणार नाही, घरात नवा माणूस केव्हा राहायला आला, ते आधी कळवावे’ असे ठरते, कारण मालकाचे खरे नुकसान त्यावरूनच कळते. शिवाय करार नोंदणीकृत आहे का, हेही विचारावे लागते, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. कलमांची चर्चा यानंतर, तीही आटोपशीर.

सशुल्क संचातील सर्वांत चांगला भाग मुद्रितशोधनाचा आहे. अस्तित्वात नसलेल्या क्लॉजचा संदर्भ, आकड्यांत एक आणि अक्षरांत दुसरीच रक्कम, अशा चुका त्यात खुबीने पेरलेल्या असतात. वेळमापक मात्र उत्तर लिहिताना डोळ्यांसमोर लुकलुकत राहतो, तो बंद करण्याची सोय हवी होती. तपासनीसांचे शेरे बहुतेकदा साचेबद्ध असतात. अधिक खटकणारी गोष्ट अशी, की भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू होऊनही, त्यानंतर घडलेल्या फसवणुकीच्या प्रश्नाला नमुना उत्तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० चेच आहे. तक्रार कळवली, उत्तर आले, दुरुस्ती आली नाही.

ज्यांना वेळ लावून लिहिण्याची सवय नाही, त्यांनी हा संच एका महिन्यापुरता घ्यावा. वार्षिक शुल्क भरण्याइतकी सामग्री त्यात नाही. तपासून घेण्यासाठी वकिली करणारे एखादे सीनियर मिळाले, तर त्यांना मेमोचा फक्त पहिला परिच्छेद वाचायला द्यावा आणि अशिलाने काय करायचे ते त्यातून समजले का, एवढेच विचारावे.